नावासकट फोटो



स्मरणिका समितीने मला फोन केला तो लेखासाठी नव्हे. आपल्या बॅचमध्ये फोटो स्टुडिओवाला मी एकटाच, म्हणून सगळ्यांच्या घरातले जुने फोटो गोळा करून, साफ करून, छापण्याजोगे करून देण्याचं काम माझ्याकडे आलं. त्यात १९७९ चा आपला दहावीचा ग्रुप फोटो होता. पुठ्ठ्यावर चिकटवलेला, खाली नावं छापलेला. खुर्चीवर बसलेले डावीकडून, उभे पहिली रांग, उभे दुसरी रांग, जमिनीवर बसलेले. सगळ्यांची नावं आहेत. पण मागच्या रांगेच्या टोकाला, जरा अंतर राखून, आपले शिपाईमामा उभे आहेत. हातात घंटेचा टोल आहे. त्यांचं नाव नाही. नुसतं ‘शिपाई’ असंही नाही.

मी व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, मामांचं नाव काय होतं? दोन दिवसांत पन्नास आठवणी आल्या. उशीर झाला की फाटक किलकिलं ठेवणारे मामा, पावसात स्वतःची छत्री देणारे मामा, तापाने फणफणलेल्या मुलाला खांद्यावर टाकून घरी पोचवणारे मामा. नाव मात्र एकालाही सांगता आलं नाही. मलाही नाही.

तेव्हा मला ॲलिस हॅरिस या बाईंची आठवण झाली, आणि समितीला मीच म्हणालो की मला चार पानं द्या. आयुष्यभर फोटो काढून पोट भरलेल्या माणसाने स्मरणिकेत कुणाबद्दल लिहावं, तर या बाईंबद्दल.

इतिहासाच्या बाईंनी आपल्याला आफ्रिकेची वाटणी शिकवली होती, ते तुम्हाला आठवत असेल. फळ्यावर नकाशा, रंगीत खडू, प्रत्येक युरोपीय देशाला वेगळा रंग. नकाशाच्या मधोमध काँगो, आणि तो बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याचा. परीक्षेत टीप आली तर चार गुण. मी ती टीप पाठ केली होती. त्या रंगाखाली माणसं राहत होती हे मला कळलं थेट २०१४ साली. मुलगी तेव्हा इंग्लंडमध्ये नोकरीला होती. तिने मला लिव्हरपूलच्या गोदीजवळचं गुलामगिरीचं संग्रहालय दाखवायला नेलं. तिथे काँगोतल्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन लागलं होतं. त्यातल्या एका फोटोपुढे मी किती वेळ उभा राहिलो ते मुलीलाच विचारा. फोटो काढणाऱ्या व्यक्तीचं नाव होतं ॲलिस सीली हॅरिस. परत आल्यावर या बाईंबद्दल मिळेल ते वाचत गेलो.

ॲलिस यांचा जन्म २४ मे १८७० रोजी इंग्लंडमधल्या माम्सबरी या लहान गावात झाला. १९व्या वर्षी त्यांना सरकारी नोकरी लागली, लंडनच्या मुख्य टपाल कार्यालयाच्या हिशेब खात्यात. त्या काळात मुलीला अशी नोकरी मिळणं ही मोठी गोष्ट होती. दिवसभर आकडेमोड करायची आणि उरलेल्या वेळात चर्चतर्फे लंडनच्या गरीब वस्त्यांत काम करायचं, असा त्यांचा क्रम होता. मनात मात्र परदेशी जाऊन मिशनरी व्हायचं होतं. त्यासाठी त्यांनी नोकरी सोडली आणि मिशनच्या प्रशिक्षण विद्यालयात नाव घातलं. परदेशी जायला मिळावं म्हणून त्या सात वर्षं खटपट करत होत्या. शेवटी १८९७ साली काँगोला जाण्याची मंजुरी मिळाली.

याच सुमारास जॉन हॅरिस या तरुणाशी त्यांचं लग्न ठरलं. तेही मिशनचंच काम करणारे. ६ मे १८९८ रोजी नोंदणी पद्धतीने लग्न झालं आणि चौथ्या दिवशी, १० मे रोजी, दोघं काँगोला जाणाऱ्या बोटीत चढले. ॲलिस यांचा २८वा वाढदिवस दोन आठवड्यांवर आला होता. बरोबरच्या सामानात कॅमेरा होता.

मिशनरी आणि कॅमेरा ही जोडी तेव्हा नवी राहिली नव्हती. चीन, आफ्रिका, हिंदुस्थान, पॅसिफिकमधली बेटं, जिथे जिथे मिशनरी गेले तिथे तिथे त्यांनी रोजच्या जगण्याचे फोटो काढले. घरं कशी बांधतात, बायका केस कशा विंचरतात, बाजार कसा भरतो, मासे कसे धरतात, लग्नात काय घालतात. आज अनेक समाजांच्या शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या राहणीचे जे फोटो मिळतात, त्यातले कितीतरी मिशनऱ्यांनी काढलेले आहेत. यामागे कुतूहल होतं तसा हिशेबही होता. मायदेशी चर्चमध्ये हे फोटो दाखवून देणग्या गोळा करायच्या. इथले लोक अंधारात आहेत आणि आम्ही उजेड घेऊन आलो आहोत, हे सांगायचं. ॲलिसही याच विचारात वाढल्या होत्या. त्या काळाच्या आणि त्या समजुतीच्या बाहेरच्या होत्या असं मी म्हणणार नाही.

हे फोटो दाखवायचे ते मॅजिक लँटर्नवर. साधारण आठ सेंटिमीटर लांबी-रुंदीची काचेची चौकोनी स्लाइड, मागे दिवा, पुढे भिंग, आणि समोर पांढरा पडदा. आपल्याकडे कल्याणच्या पटवर्धनांनी १८९० च्या दशकात याच जातीच्या यंत्रावर ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने खेळ केले आणि लोकांनी ते डोक्यावर घेतले. अंधाऱ्या खोलीत भिंतीएवढं चित्र उमटणं ही त्या काळातली केवढी जादू असेल, याची कल्पना आपल्याला शाळेच्या हॉलमध्ये काळे पडदे लावून दाखवलेल्या फिल्मस्ट्रिपवरून करता येईल.

हॅरिस पतिपत्नी आधी इकाऊ नावाच्या ठाण्यावर राहिले आणि मग १९०१ पासून बारिंगा या गावी. विषुववृत्तावरचं दाट जंगल. रस्ता म्हणजे नदी. ॲलिस मुलांना शिकवायच्या आणि फोटो काढायच्या. त्यांचा स्वतःचा एक फोटो प्रसिद्ध आहे. पांढऱ्या पोशाखात त्या मधोमध उभ्या आहेत आणि भोवती काँगोतल्या मुलांचा गराडा आहे. आपल्या प्राथमिकच्या वर्गाचा फोटो पाहिल्यासारखं वाटतं. कुणी हसतंय, कुणी कॅमेऱ्याकडे संशयाने बघतंय. या बाई त्या मुलांच्या गावात वर्षानुवर्षं राहत होत्या. कुणाचं घर कुठलं, कोण कुणाचा भाऊ, हे त्यांना ठाऊक होतं. पुढे जे झालं ते या ओळखीमुळेच होऊ शकलं.

आता त्या नकाशातल्या रंगाबद्दल सांगतो.

बर्लिनच्या १८८४-८५ च्या परिषदेनंतर काँगो लिओपोल्डच्या हाती आला. नीट लक्षात घ्या, बेल्जियम देशाच्या हाती नव्हे, त्या एका माणसाच्या हाती. महाराष्ट्राच्या साडेसातपट मुलूख एका राजाची खासगी मालमत्ता झाला. त्याला नाव दिलं ‘काँगो मुक्त राज्य’. गुलामांचा व्यापार बंद करणं, लोकांचं भलं करणं, असा जाहीर हेतू होता. राजाने त्या भूमीवर कधी पाऊलही ठेवलं नाही.

सुरुवातीला तिथून हस्तिदंत येई. १८८८ साली डनलॉप यांनी हवा भरलेला टायर आणला, सायकली वाढल्या, मागून मोटारी आल्या, आणि रबराला सोन्याचा भाव आला. काँगोच्या जंगलात रबराच्या रानवेली होत्या. राजाने जंगलाचे मोठमोठे तुकडे कंपन्यांना दिले. बारिंगाचा भाग ज्या कंपनीकडे होता तिला तिच्या आद्याक्षरांवरून ‘अबीर’ म्हणत. आपल्याला अबीर म्हटलं की बुक्का आणि पंढरपूर आठवतं. ही अबीर अगदी निराळी. तिच्या नावात ‘इंडिया’ हा शब्द होता, तोही आपल्या देशाशी संबंध म्हणून नव्हे, तर रबराला तेव्हा ‘इंडिया रबर’ म्हणत म्हणून. आपण वहीतली चूक ज्या रबराने खोडायचो तेच हे रबर.

प्रत्येक गावाला ठरावीक रबर आणून देण्याची सक्ती होती. पुरुषांनी दिवसचे दिवस जंगलात हिंडायचं, वेली कापायच्या, चीक गोळा करायचा. कमी भरलं तर फटके. बायकांना ओलीस धरायचं. कंपनीने बंदुका देऊन नेमलेले पहारेकरी गावोगाव बसवले होते. बंडखोर गावांवर शिपाई पाठवले जात. गोळ्या शिकारीवर वाया घालवल्या नाहीत याचा पुरावा म्हणून मेलेल्या माणसाचा उजवा हात कापून आणून दाखवावा लागे. एक गोळी, एक हात, असा हिशेब. मग गोळी भलतीकडे खर्च झाली की जिवंत माणसाचा हात कापून आकडा जुळवला जाई.

हे कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. विल्यम शेपर्ड हे अमेरिकेतून आलेले कृष्णवर्णीय मिशनरी. १८९९ साली त्यांनी एका ठिकाणी धुरावर वाळत ठेवलेले ८१ उजवे हात स्वतः मोजले आणि लिहून कळवलं. इतरांनीही पत्रं लिहिली. पण जंगलातून आलेलं पत्र आणि युरोपातल्या राजाचा शब्द, यात लोक राजाच्या शब्दावर विश्वास ठेवत. व्यापारातल्या मत्सरातून उठवलेल्या या कंड्या आहेत, असं राजाची माणसं वर्तमानपत्रांतून सांगत.

१४ मे १९०४. त्या दिवशी वाला गावचा न्साला नावाचा माणूस बारिंगाच्या मिशनमध्ये आला. बरोबर पानांत गुंडाळलेलं एक लहानसं गाठोडं होतं. गावाने रबर कमी दिलं म्हणून अबीरच्या पहारेकऱ्यांनी हल्ला केला होता. न्सालाची बायको आणि मुलगी मारली गेली होती. मुलीचं नाव बोआली, वय ५ वर्षं. गाठोड्यात तिचा एक हात आणि एक पाऊल होतं. त्याच्याकडे तिचं तेवढंच उरलं होतं.

ॲलिस यांनी न्सालाला व्हरांड्याच्या कडेला बसवलं, ते हात-पाऊल त्याच्यासमोर ठेवलं आणि फोटो काढला.

लिव्हरपूलला मी ज्या फोटोपुढे थांबलो तो हाच. धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, या फोटोत आरडाओरडा काहीच नाही. न्साला रडत नाही, कॅमेऱ्याकडे बघतही नाही. तो बाजूला वळून खाली बघतोय. पलीकडे दोन माणसं उभी आहेत. नजर आधी न्सालावर जाते, मग तो कुठे बघतोय तिकडे जाते, आणि तिथे काय आहे हे कळायला एखादा क्षण लागतो. कळल्यावर मात्र ते विसरता येत नाही.

त्या क्षणी कॅमेरा हातात धरायला काय लागलं असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे. समोर बाप बसलेला आहे. आपण पाणी द्यावं, शेजारी बसावं, असंच कुणालाही वाटेल. त्यांनी ते केलं असेल. पण फोटोही काढला, कारण पत्रावर कुणी विश्वास ठेवत नाही हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. आणि न्साला इतकं अंतर चालून ते गाठोडं घेऊन आला, तो तरी कशासाठी? कुणीतरी पाहावं यासाठीच. ज्या घरी पाहिलं जाईल असं वाटलं, त्या घरी तो आला.

हा एकच फोटो नव्हता. हात गमावलेल्या मुलांचे आणि माणसांचे आणखी फोटो त्यांनी काढले. मोला, योका, लोंबोटो अशी त्यांची नावं फोटोंबरोबर नोंदलेली राहिली, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कारण त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने काँगोबद्दलचा एक अहवाल छापला होता. रॉजर केसमेंट या ब्रिटिश वकिलाने १९०३ साली आतल्या भागात फिरून साक्षी गोळा केल्या होत्या. अहवाल निर्भीड होता, पण छापताना परराष्ट्र खात्याने माणसांची नावं काढून त्याजागी नुसती अक्षरं घातली. केसमेंट यावर भयंकर संतापले. अक्षरांबद्दल कुणाला काय वाटणार? न्साला आणि बोआली म्हटलं की गोष्ट वेगळी होते.

फोटो इंग्लंडला पोचले. तिथे एडमंड मोरेल नावाचे गृहस्थ होते. जहाज कंपनीत कारकुनी करताना त्यांच्या लक्षात आलं होतं की काँगोहून येणाऱ्या बोटी रबर आणि हस्तिदंताने भरून येतात, पण जाताना व्यापाराचा माल जवळजवळ नसतो. बंदुका आणि दारूगोळा असतो. म्हणजे तिथल्या लोकांना मोबदला मिळतच नव्हता. मोरेल यांनी नोकरी सोडली आणि मार्च १९०४ मध्ये काँगो सुधारणा संघटना स्थापन केली. त्याच वर्षीच्या आपल्या पुस्तकात त्यांनी न्सालाचा फोटो छापला. १९०५ साली मार्क ट्वेन यांनी लिओपोल्डच्या तोंडी एक लांबलचक स्वगत लिहून त्याची भंबेरी उडवली. त्या पुस्तिकेत हे फोटो होते, आणि लाच देऊन गप्प न बसणारा साक्षीदार म्हणजे हा लहानसा कोडॅक कॅमेरा, अशी राजाची तक्रार ट्वेन यांनी त्यात रंगवली.

ओरड वाढली तेव्हा लिओपोल्डला चौकशी समिती नेमावी लागली. डिसेंबर १९०४ मध्ये ती बारिंगाला आली. हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साक्षी दिल्या. पण त्या दिवसांतली सर्वात मोठी साक्ष एका आफ्रिकी माणसाची होती. लोंटुलू नावाचे एक गावप्रमुख समितीपुढे आले. त्यांनी टेबलावर ११० काटक्या ठेवल्या. रबरापायी मारल्या गेलेल्या आपल्या प्रत्येक माणसामागे एक काटकी. त्यांचे चार ढीग केले होते : मानकरी, पुरुष, बायका आणि मुलं. मग एकेक काटकी घेऊन त्यांनी एकेक नाव सांगितलं. हाती कॅमेरा नाही, कागद नाही. काटक्या होत्या आणि नावं पाठ होती.

पुढे चळवळीचं श्रेय वाटताना मोरेल, केसमेंट, हॅरिस यांची नावं घेतली जातात, ते योग्यच आहे. पण लोंटुलू आणि न्साला यांनी जीव धोक्यात घालून तोंड उघडलं नसतं, तर या सगळ्यांच्या हाती काहीच नव्हतं. पहारेकऱ्यांच्या राज्यात परत त्यांनाच जायचं होतं.

१९०५ साली हॅरिस पतिपत्नी इंग्लंडला परतले आणि पूर्ण वेळ या कामाला लागले. धर्मप्रसारासाठी वापरायचा मॅजिक लँटर्न आता निराळ्या कामाला आला. साधारण ६० स्लाइडचा संच तयार झाला. आधी जंगल, नदी, गावं, माणसं, रोजचं जगणं दाखवायचं. मग त्या जगण्याचं काय केलं गेलं ते दाखवायचं. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. आधी ओळख व्हावी लागते, तरच नुकसान कळतं. पहिल्या दोन वर्षांत दोघांनी मिळून ६०० सभांमध्ये भाषणं केली. १९०६ साली ते अमेरिकेलाही गेले आणि ४९ शहरांत दोनशेहून जास्त सभा घेतल्या. ध्वनिवर्धक नव्हते. बाईंनी सभेत उभं राहून बोलणं हेच अनेकांना नवीन होतं.

याची किंमतही होती. त्यांना चार मुलं झाली, आणि कामासाठी त्या मुलांपासून वर्षानुवर्षं दूर राहावं लागलं. शिवाय जे फोटो जगभर फिरले त्यांच्याखाली बरेचदा ॲलिस यांचं नाव नसे. चळवळीचे पुढारी म्हणून पतीचं नाव पुढे येई. नावांची एवढी काळजी घेणाऱ्या बाईंच्या वाट्याला हे यावं, याचं मला वाईट वाटतं.

नोव्हेंबर १९०८ मध्ये लिओपोल्डला काँगो सोडावा लागला. बेल्जियम देशाने तो आपल्या ताब्यात घेतला. पुढच्या वर्षी राजा वारला. म्हणून सगळं संपलं का? नाही. सक्तीची मजुरी निराळ्या रूपांत पुढेही राहिली आणि काँगो स्वतंत्र व्हायला १९६० साल उजाडलं. पण हात कापण्याचं ते राज्य जगासमोर उघडं पडलं. संघटनेने १९१३ साली आपलं काम आवरलं.

हॅरिस दांपत्याने आवरलं नाही. १९१० मध्ये दोघांनी गुलामगिरीविरोधी संस्थेच्या संघटक सचिवपदाची जबाबदारी मिळून घेतली. १९११-१२ मध्ये ते पुन्हा काँगोत गेले, काय सुधारलं आणि काय नाही ते पाहायला, आणि पुन्हा फोटो काढून आणले. जॉन पुढे काही काळ खासदार झाले. १९३३ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. रिवाजाप्रमाणे ॲलिस ‘लेडी हॅरिस’ झाल्या, पण कुणी तसं म्हटलेलं त्यांना आवडत नसे. १९४० मध्ये जॉन गेले. ॲलिस त्यानंतर ३० वर्षं जगल्या. वयाच्या शंभरीत, १९७० साली, बीबीसी रेडिओने त्यांची मुलाखत घेतली. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला त्या वारल्या. तेव्हा आपण दुसरीत होतो. पाढे पाठ करत होतो.

आज या फोटोंकडे बघताना प्रश्नही पडतात. पडायलाच हवेत. न्सालाला विचारलं होतं का? आपला फोटो हजारो मैलांवरच्या सभागृहांत दाखवला जाणार आहे हे त्याला समजलं होतं का? काँगोतल्या माणसाला जगाने फक्त दुःखी आणि तुटलेला म्हणूनच ओळखावं का? म्हणूनच त्यांचे साधे फोटो मला तितकेच मोलाचे वाटतात, शाळेतली मुलं, घरं, नदीकाठ. हात कापण्याआधी ती सगळी कुणाचीतरी पोरं होती, हे त्या फोटोंत दिसतं.

आता माझी कबुली. स्टुडिओ चालवताना हौस म्हणून मी आठवडी बाजारात फोटो काढत असे. मोळी घेऊन आलेल्या एका कातकरी बाईंचा फोटो चांगला आला. मी तो स्पर्धेला पाठवला, शीर्षक दिलं ‘श्रम’. बक्षीस मिळालं. फ्रेम करून स्टुडिओच्या दर्शनी भागात तो मी वीसेक वर्षं लावला. तुमच्यापैकी अनेकांनी कौतुकही केलं आहे. त्या बाईंचं नाव मी विचारलं नाही. त्यांना फोटोची प्रत दिली नाही. बाजारात त्या नंतरही दिसायच्या, मोळी विकायच्या, आणि मला कधी सुचलंही नाही. लिव्हरपूलहून आल्यावर मी त्यांना शोधायला वाडीवर गेलो, तेव्हा उशीर झाला होता. वाडी उठून गेली होती. आता तो फोटो मी भिंतीवरून काढला आहे. ‘श्रम’ हे काही त्या बाईंचं नाव नव्हतं.

मामांच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही असं ठरवलं. शाळेच्या कार्यालयात जुनं हजेरीपत्रक सापडलं नाही. मग आपल्यातल्या दोघी मैत्रिणींना बरोबर घेऊन मी मामा राहायचे त्या आळीत गेलो. तीन घरं विचारल्यावर चौथ्या घरात त्यांची सून भेटली. मामा जाऊन १८ वर्षं झाली. ग्रुप फोटो दाखवल्यावर त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिला आणि नातवाला हाक मारली. मामांचा तरुणपणीचा एकही फोटो त्यांच्या घरात नव्हता. त्यांनी पूर्ण नाव सांगितलं. मी ते तिथेच लिहून घेतलं आणि बरोबर आहे ना म्हणून दोनदा वाचून दाखवलं. फोटोची एक मोठी प्रत त्यांच्या घरी पोचवली आहे.

आपला तो ग्रुप फोटो या स्मरणिकेत शेवटच्या पानावर छापला आहे. खालची नावं पूर्वीचीच आहेत, एका नावाची भर घातली आहे. मागची रांग, उजवीकडून पहिलं. मेळाव्याला मामांची सून आणि नातू येणार आहेत. त्यांना भेटा, आणि आपापल्या घरच्या जुन्या फोटोंमागे पेन्सिलने का होईना, नावं लिहून ठेवा. सांगणारं माणूस अजून घरात आहे तोवरच हे काम होतं.